पैलवानाचं शेपूट

नागपूरच्या प्रदर्शनाला दगडी ठशाचं चित्र पाठवायचं म्हणून मी मऊ दगडाच्या फरशीवर आमच्या आखाड्यातला पैलवान कोरला होता, खांद्यावर मुद्गल घेतलेला. पण छापायला कागद जमेना. वहीचा कागद शाई पिऊन टाकायचा, गुळगुळीत कागदावर ती पसरायची. शेवटी जळगाव जामोदच्या बाजारात एका मुसलमान कागदवाल्याकडे हातकागद मिळाला. ओलसर केला की दगडाला अंगासरसा बसेल असा.

आनंदात घरी आलो, तर ओट्यावर ठेवलेल्या फरशीला शेंदूर थापलेला! कोरलेल्या सगळ्या रेघा बुजलेल्या, पुढं नारळ फोडलेला आणि शेजारची काकू हात जोडून उभी.

"काकू, हा मारोती नाही, पैलवान हाये!" मी ओरडलो. "त्याले शेपूट तरी हाये काय?"

"देवाले असं बोलू नाही, बापू."

शेंदूर खरवडायला गेलो, तर वडिलांनी हात धरला. म्हणे, लोक काय म्हणतील? दगड फोडत बसतो म्हणून महिनाभर मला हसणारे, तेच हे लोक!

सकाळी पाहतो, तर कोणीतरी माझ्याच छिन्नीनं पैलवानाला शेपूट कोरून दिलं होतं.