गोवळकोटच्या धक्क्याखाली लावलेली गाडी

मुलगा हिंजवडीत कॉम्प्युटरवर बसतो. त्यानं नवी गाडी घेतली, तेव्हा मी हट्ट धरून ती चिपळूणला न्यायला लावली. गोवळकोटचं जुनं बंदर मला बघायचं होतं. पूर्वी तिथं गलबतं लागायची आणि त्यातला माल घाट चढून आमच्या पेठांत यायचा.

धक्क्याखाली नदीकाठची वाळू कोरडी होती. मी म्हणालो, "खाली घे गाडी."

"बाबा, नदी आहे ती."

"नदी मला शिकवू नकोस. जन्मभर मुठेच्या पात्रात टेम्पो लावलाय."

बाजार फिरून आलो, तर पुढची चाकं पाण्यात. पाऊस नाही, धरण सोडलेलं नाही, आणि नदी चक्क उलटी, डोंगराकडे निघालेली. वरून एक कोळीण ओरडली, "अहो, भरती आलीय! गाडी काढा आधी!"

नदीला भरती येते, हे पुण्याच्या माणसाला कोण सांगणार?

मुलानं गाडी मागं घ्यायला बघितली, पण चाकं जागच्या जागी फिरून वाळूत रुतायला लागली. पोराचा चेहरा पांढरा पडला. गाडीचे हप्तेसुद्धा सुरू झाले नव्हते. मी पायजमा खोचला, गाडीतल्या पायपुसण्या चाकांखाली सारल्या आणि पाण्यात उतरून बॉनेटला खांदा लावला. पाणी मांडीला लागलं तेव्हा कुठे गाडी हलली आणि वर चढली.

परतताना आम्ही घाट चढून वर आलो. तेव्हा मुलगा म्हणाला, "आपली मुठाच बरी."

"मी वेगळं काय म्हणत होतो?" मी म्हणालो.