फायनलचा दुसरा दिवस

खोपोलीला दगडफोड्यांचा मुकादम होता नामा. अंगानं किरकोळ, पण तोंड उघडलं की गडी जागच्या जागी थिजायचे. रागीट म्हणून अख्ख्या खालापुरात त्याचं नाव, आणि परीक्षेचा विषय निघाला की मग तर हा माणूस पेटलाच म्हणून समजा. का पेटू नये? तोंडाशी आलेला घास कुणी हिसकावला असता, तर तुम्ही काय त्याला ओवाळलं असतंत?

सन १९१३ चा फाल्गुन. नामा तेव्हा सोळा वर्षांचा, कर्जतजवळच्या एका भातशेतीच्या गावातला. मराठी सातवीच्या फायनलला बसला होता. गावच्या शाळेला जूनमध्ये दुसरा मास्तर मिळायचा होता आणि पाटलांनी शब्द दिला होता, फायनल पास हो, जागा तुझी. बापाचा, धाऊचा शब्द त्याहून पक्का होता. पास नाही झालास, तर खोपोलीला वीजघराच्या कामावर दगड फोडायला जायचं. मधलं काही नव्हतं.

कर्जतच्या केंद्रावर चाळीसेक पोरं जमली होती. भाकरी-सुकटीची गाठोडी घेऊन धर्मशाळेत उतरलेली. पहिल्या दिवशी गणिताचा पेपर झाला, आणि नामाचं एकही गणित चुकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं बोरू तासून ओळीनं बसली, तर दारात आला शिपाई.

"परीक्षा रद्द. आपापल्या गावाला जावा."

"रद्द म्हंजी?"

"रद्द म्हंजी रद्द! पिलेगचा पोर निघालाय तुमच्यात."

एवढं बोलून तो चालता झाला. अहो, समोर उभं राहून चार शब्द सांगायला एक साहेब मिळू नये? सात वर्षं मास्तरचा मार खाल्ला, गुरं सोडून पाढे घोकले, आणि निरोप आला तो शिपायाच्या तोंडून! पोरांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. दहिवलीच्या गजानं शाईची दौत भिंतीवर फोडली. एक जण रडायला लागला, तर बाकीचे त्याच्याच अंगावर धावले. थोरामोठ्यांपैकी एकालाही वाटलं नाही, की या पोरांनाही काही विचारावं.

आजारी निघालेला पोर होता पोशा, नामाच्याच गावचा, मोतीबाईचा एकुलता एक. रात्रीतून त्याच्या काखेत प्लेगची गाठ आली होती. मग काय, सगळे नामावर उलटले. तेव्हा रीतच होती, गावात उंदीर मरून पडले की पाटलानं कळवायचं, गाव रिकामं करून शिवारात झोपड्या घालायच्या, आणि त्या गावच्या पोरांना परीक्षेला बंदी.

"उंदीर पडले नि लपवलेत तुमी!" गजानं त्याची गचांडी धरली. "तुमच्यापायी आमचं साल गेलं!"

"आमच्या गावात एक उंदीर पडला नाय! आईची आन!" नामा ओरडला.

तो तसाच तडक गावाबाहेर रोग्यांसाठी घातलेल्या झोपडीकडे गेला. आत कुणी सोडेना. कुडाच्या फटीतून पोशा दिसत होता, चटईवर पडलेला.

"पोशा! तुझ्या घरात उंदीर पडले होते का रं? खरं बोल, नाय तर बघ!"

पोशानं महत्प्रयासानं मान वळवली. "आमच्या नाय रं. तुमच्या माळ्यावर. अभ्यासाला आलो तवा दिसले. धाऊकाका म्हणले, नामाला सांगू नको, त्याचं ध्यान उडंल. आमी दोघांनी मिळून पुरले."

नामा सहा मैल चालत घरी आला. धाऊ अंगणात पेंढा रचत होता.

"लपवलेस ना?"

"लपवले." धाऊनं हातातलं काम थांबवलं नाही. "सांगितलं असतं तर बसू दिलं असतं का तुला? तुला मास्तर झालेला बघायचं होतं मला."

"आन् पोशा? त्याच्या हातानं पुरलेस तू, बा! त्याच्या हातानं!"

तिसऱ्या दिवशी पोशा गेला.

आठवड्याभरात बातमी आली, परीक्षा पुन्हा होणार, महिन्यानं, पनवेलला. मात्र प्रत्येक पोरानं पाटलाची चिठ्ठी आणायची, गाव निरोगी आहे म्हणून. पोशाला गाठ कर्जतलाच लागली, असं गावानं सरळ ठरवून टाकलं होतं. धाऊनं हातापाया पडून चिठ्ठी मिळवली आणि नामाच्या हातात ठेवली. नामा ती घेऊन चावडीवर गेला. चौकशीला आलेला कारकून तिथं बसला होता.

"रावसाहेब, खोटी हाय ही. आमच्या माळ्यावर उंदीर पडलेत. लिवून घ्या."

दोन दिवसांत गाव उठलं. ऐन सुगीनंतर भरलेली घरं सोडून माणसं शिवारात गेली आणि जो तो नामाला शिव्या मोजू लागला. आई अंबूबाई त्याला पोटचा वैरी म्हणाली. मोतीबाईनं धाऊच्या दारात येऊन कडाकडा बोटं मोडली, आणि तिला कुणी अडवलं नाही. पण त्या साली गावात दुसरं मढं निघालं नाही, हेही खरं.

पनवेलच्या परीक्षेच्या दिवशी नामा शिवारात झोपडीला टेकू द्यायला मेढी रोवत होता. गजा पास झाला. जूनमध्ये नामाच्याच गावात मास्तर म्हणून आला.

त्या परीक्षेच्या दिवशी धाऊ झोपडीच्या तोंडाशी बसून मेढी रोवणाऱ्या नामाकडे बघत होता. म्हणाला, "बापावर एवढा राग, पोरा? स्वतःच्या हातानं जागा घालवलीस."

"तुझ्यावर हायच," नामा म्हणाला. मेढीवर घातलेला घाव चुकला, त्याच्या अंगठ्याला लागला. त्यानं तिकडे पाहिलंही नाही. "पर बा, त्या दिवशी पेपराला पोशा माझ्या शेजारी बसला होता. अंग फणफणलं होतं त्याचं. म्हणला, नामा, मास्तरला सांग ना रं, पाणी पायजे. मी म्हटलं, गप बस, माझं गणित चुकंल."