साडेतीनशे रुपये भाड्याचं घर

माझी शाळा चौथीपर्यंत. वाचता येतं, तोंडी हिशेब येतो. पण घरपट्टी कशावर बसते हे मला पन्नाशीला टेकेपर्यंत माहीत नव्हतं. कागद आला की पैसे भरायचे, एवढंच ठाऊक. पुढे ते ज्या रीतीने कळलं, ती मी अजून विसरले नाही.

ठाण्यात खाडीजवळच्या गल्लीत मी आणि माझी धाकटी जाऊ एका छपराखाली राहायचो. सासऱ्यांचं जुनं घर पाडून दोघींनी विटांचं बांधलं होतं. वर स्लॅब, मध्ये एक भिंत, अलीकडे माझ्या दोन खोल्या, पलीकडे तिच्या दोन. माझे मालक तोवर वारले होते आणि मुलगी कल्याणला दिली होती. मी सकाळी पाटी घेऊन नौपाड्यात दारोदार मासे विकायचे. माझा दीर कारखान्यातून कमी केलेला, दिवसभर घरी बसून असायचा. जाऊ शेडवर कोळंबी सोलायला जायची. बर्फातली कोळंबी सोलून सोलून तिच्या बोटांची सालं निघायची. त्या बोटांवर त्यांच्या घरातली चूल पेटत होती.

आमचं भांडण नव्हतं, पण पटायचंही नाही. मी जमिनीला रंगीत लाद्या घातल्या तेव्हा तिने आठ दिवस माझ्या घरात पाय ठेवला नाही. तिच्याकडे शहाबादी फरशीच राहिली. ते मला बरं वाटायचं. आता लपवून काय करायचं आहे.

महानगरपालिका होऊन दोन-चार वर्षं झाली होती. घरांची नव्याने नोंद करायला एक कारकून आला, हातात फीत आणि काखेत जाडजूड वही. समोरच्या नळावर बायका बसल्या होत्या. त्याने माझ्या खोल्या मोजल्या, मोरी पाहिली आणि बाहेर येऊन विचारलं, हे घर भाड्याने दिलं तर महिन्याला किती येतील. नळावर भांड्यांचा आवाज थांबला.

"साडेतीनशे," मी म्हणाले. "आणि तेसुद्धा माणूस बघून देईन."

त्याने लिहून घेतलं. मग जाऊला तेच विचारलं. ती पदराला हात पुसत दारात आली. "सत्तर," ती म्हणाली. "ते पण कोणी नडलेला भेटला तर."

मी मोठ्याने हसले. कोंबड्यांच्या खुराड्याला लोक याहून जास्त देतात, असं बायकांना ऐकू जाईल इतक्या आवाजात बोलले. बायका हसल्या. जाऊ मला उलट बोलली नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. शेडवर दहा घरच्या बायका असतात, तिथे तिला सगळं कळत असे. मला मात्र गिऱ्हाइकांच्या दारात माशांच्या भावापलीकडे कोणी काही सांगत नव्हतं.

दीड-दोन महिन्यांनी दोघींना एकेक नोटीस आली. माझा आकडा तिच्या पाचपट. मला काय वाटलं असेल? सरकारने माझ्या घराची किंमत केली आणि ती जावेच्या घरापेक्षा मोठी ठरली. मी तो कागद नळावर दाखवला. खाली बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलं होतं, ते वाचत कोण बसतो. दोन आठवडे तो माझ्या पिशवीत राहिला आणि एक दिवस नौपाड्यात एका गिऱ्हाइकाच्या दारातही मी तो काढला. तिथले गृहस्थ वकिलाकडे लिहिण्याचं काम करायचे. म्हटलं, शिकलेल्या माणसालाही दिसू दे.

त्यांनी चष्मा लावून तो सगळा वाचला. मग मला पायरीवर बसायला सांगितलं. ते म्हणाले, "बाई, हे काय मिरवताय? याच्यावर तुमची घरपट्टी ठरणार आहे."

त्यांनी समजावून सांगितलं. घराला वर्षाला भाडं किती येईल ते धरायचं, त्यातून थोडं दुरुस्तीचं वजा करायचं, उरलेल्यावर घरपट्टी. मी म्हणाले की मी स्वतःच राहते, मला कोण भाडं देतंय. ते म्हणाले, कोणी देवो न देवो. भरली नाही तर वर दंड चढतो, मग नळ तोडतात, शेवटी घराला सील लावतात. त्यांनी कागदाच्या मागे आकडा मांडून दाखवला. सहा महिन्यांची घरपट्टी माझ्या तीन आठवड्यांच्या कमाईएवढी होत होती.

मी गार पडले. समोर पाटी उघडी होती, मांजर येऊन एक बांगडा घेऊन गेली तरी मी हात उचलला नाही. माझ्याच तोंडाने मी हे लिहवून घेतलं होतं, तेही चार बायकांनी ऐकावं म्हणून.

त्या बारीक अक्षरांत हरकत घ्यायची मुदत होती. चार दिवस उरले होते. त्या गृहस्थांनी तिथेच अर्ज लिहून दिला आणि दोन पापलेटं ठेवून घेतली. एक गोष्ट त्यांनी बजावून सांगितली, सुनावणीत फक्त आपल्या घराबद्दल बोलायचं, दुसऱ्याच्या घराचा विषय काढायचा नाही. मी मान हलवली. का काढायचा नाही, ते विचारलं नाही.

सुनावणीच्या दिवशी मी निघाले तर जाऊ चपला घालून दारात उभी. शेडवरचा खाडा करून.

"एकटी कुठे जातेस, वैनी. तिथे मोठमोठ्याने बोलशील आणि बाहेर काढतील तुला."

दोघी चालत गेलो. दोन तास बाकावर बसलो. तिने घरून भाकरी आणि सुकट आणली होती, ती मला दिली. मग माझं नाव पुकारलं. साहेब वयाने माझ्याएवढाच होता. त्याने शांतपणे विचारलं की आकडा कमी का करावा, घरात काय कमी आहे ते सांगा.

काय सांगणार? ते घर मी पाटीवर बांधलं होतं. भिंतीला ओल येते एवढं म्हटलं तरी झालं असतं, पण तेवढंसुद्धा माझ्या तोंडून निघेना. साहेब घड्याळ बघायला लागला. आणि मी बोलून गेले, "साहेब, मधल्या भिंतीपलीकडे अगदी एवढंच घर आहे. त्याला सत्तर आणि मला साडेतीनशे, हा कुठला न्याय?"

साहेबाने कारकुनाला पलीकडच्या घराचा कागद काढायला सांगितला. लांबी, रुंदी, स्लॅब, सगळं जुळवून पाहिलं.

"बरोबर आहे तुमचं," तो म्हणाला. "सारख्या घरांना वेगळा आकडा नको. ते पण साडेतीनशेला आणू. त्यांना नोटीस पाठवतो."

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. मी मागे वळून पाहिलं. जाऊ दाराशी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. तिने सालं गेलेली बोटं पदरात लपवून घेतली, जणू कोणी ती मोजायला आलं होतं. तिचा दिवस बुडवून ती माझ्यासोबत आली होती. त्या घरपट्टीत तिचं घर बुडालं असतं.

तेव्हा मी जे सांगितलं ते कोणाला माहीत नव्हतं, जावेलाही नाही. आदल्या वर्षी मी घर भाड्याने देऊन कल्याणला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं होतं. दलालाने तीन माणसं आणली. भरतीचं पाणी गल्लीत येतं आणि सुकत घातलेल्या माशांचा वास येतो, म्हणून दोघं दारातूनच परत गेले. तिसरा एकशेवीस म्हणाला आणि पुन्हा आला नाही. मी गल्लीत सांगितलं होतं की मुलीचं घर लहान आहे म्हणून मी गेले नाही.

"साहेब, मी खोटं बोलले," मी म्हणाले. "बायका ऐकत होत्या म्हणून बोलले. एकशेवीसच्या वर कोणी देत नाही." आणि दलालाचं दुकान कुठे आहे ते सांगितलं.

साहेबाने दलालाचा पत्ता लिहून घेतला. मग तो म्हणाला की दलालाकडे चौकशी करतो, आणि तसं निघालं तर दोन्ही घरांना एकशेवीस लावतो. मी म्हणाले, तिचं सत्तरच राहू द्या. तो म्हणाला, ते आता होणार नाही, बाई. ते तुम्हीच दाखवलंत.

चौकशी झाली आणि तसंच झालं. माझे कमी झाले, तिचे वाढले. तिलाही हरकत घ्यायला मुदत होती, पण तिने घेतली नाही.  तिचं नवीन बिल आलं त्या सकाळी ती माझ्या दारात उभी राहिली.

"सत्तरचे मी भरीन," ती म्हणाली. "वरच्या पन्नासाचे तू. दरवर्षी."

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

त्यानंतर एकही बिल थकलं नाही. बिल आलं की ती यायची, उंबऱ्याबाहेर उभी राहायची आणि मी कनवटीचे पैसे सोडेपर्यंत हलायची नाही. मग दोघी एकाच दिवशी जाऊन भरून यायचो, पावत्या आपापल्या घरी ठेवायचो. वाटेत ती माझ्याशी कोळंबीच्या भावाबद्दल बोलायची, दिराच्या दम्याबद्दल बोलायची. त्या सुनावणीबद्दल कधीही नाही. मीही विषय काढला नाही. नव्वद सालानंतर आकडे पुन्हा वाढले, तेव्हा वरचा वाटा किती धरायचा हे तिने ठरवलं आणि मी दिला. ती गेली त्या वर्षीही दिला, तिच्या मुलाच्या हातात. हे कशाचे, असं त्याने विचारलं. मी सांगितलं, घरपट्टीचे, आजच जाऊन भर.