ह्यांच्याच गावचा

माझ्या आतेभावानं आयुष्यात कुणाचंही तोंड आधी पाहिलं नाही. आधी पाहिले ते पाय. वर्षानं भेटलो तरी "कधी आलास?" नाही की "बरा हाईस का?" नाही. "बाळ्या, टाच लई झिजवलीस की रं!" असं म्हणून तो माझी वहाण काढून घ्यायचा आणि मी अर्धा तास एका पायावर उभा. लग्नाला गेला की मांडवात कधी सापडायचा नाही. दाराशी पायताणांच्या ढिगात बसून एकेक उलटून बघायचा. तुटक्या अंगठ्याची वहाण फरफटत आलेले पाहुणे जेवून धड वहाणा घालून परत जात. दोघाचौघांना तर ही आपलीच, हे पटतच नसे.

आम्ही लिंगायत वाणी, परंड्याजवळच्या गावातले. बापानं त्याला आधी दुकानात बसवलं. तिथं तो गिऱ्हाइकांची फाटकी पोती शिवत बसे. गूळ न्यायला आलेला माणूस पोतं शिवून घेऊन गूळ विसरून जायचा. मग मी अब्रू पणाला लावून त्याला परंड्याच्या कचेरीत नकलनवीस म्हणून चिकटवलं. मी तिथंच अहलकार, म्हणजे कारकून, होतो. निजामाचं राज्य, सगळं दफ्तर उर्दूत, आणि त्याचं अक्षर सुरेख. पण खिळखिळ्या मिसली, म्हणजे कागदांच्या फायली, बघून त्याचे हात शिवशिवायला लागले. एका दुपारी त्यानं चामड्याच्या वादीनं त्या अशा आवळून शिवल्या, की आमच्या वरच्या पेशकारसाहेबांना एकही उघडता येईना. नोकरीच्या अकराव्या दिवशी तो घरी.

घरून तो गेला तो थेट विहिरीच्या चामडी मोटा शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याकडं, काम शिकायला. वाण्याचं पोर चामडं शिवणार! आत्यानं अन्न सोडलं. समजूत घालायला मी गेलो. तो म्हणाला, "कचेरीत दिवसभर लिवायचो, पर सांजच्याला काय केलं ते सांगता येत न्हवतं. मोट भरून वर येती, थेंब गळत न्हाय, तवा मला कळतंय म्या काय केलं." तीन-चार वर्षांत त्याच्या मोटेचं असं नाव झालं, की इंग्रजी मुलखातले कुर्डुवाडीकडचे शेतकरी सरहद्द ओलांडून त्याच्याकडं येऊ लागले. तो तिकडं निघाला की करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचा शिपाई त्याची पिशवी तपासायचं सोडून स्वतःचा बूट पुढं करायचा.

एकदा कचेरीच्या बागेतली मोट फाटली आणि तहसीलदारांनी त्यालाच बोलावलं. खांद्यावर ओलं कातडं, पागोट्यात आरी खोवलेली, अंगाला तो वास. अंगणातूनच त्यानं हात वर केला, "ए बाळ्या!"

पेशकारसाहेबांनी माझ्याकडं वळून विचारलं, "आपके रिश्तेदार?"

"नहीं साब," मी म्हणालो, "हमारे गाँव का है."

त्यानं ऐकलं. त्या दिवशी त्यानं माझ्या पायांकडं बघितलंच नाही, सरळ तोंडाकडं बघितलं. मग पेशकारांपुढं मान लववून म्हणाला, "व्हय साहेब, म्या ह्यांच्याच गावचा." त्यानंतर त्यानं मला बाळ्या म्हणून कधी हाक मारली नाही. दोघंच असलो तरी "साहेब" म्हणायचा.

पुढं माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न झालं. तो आला आणि नेहमीसारखा दाराशी बसला. नवऱ्याकडच्या एका बड्या पाहुण्यानं विचारलं, "हे कोण?" आता सांगायचंच, असं मी कितीदा तरी ठरवलेलं होतं. मी तोंड उघडलं, तोच तो खालून बोलला, "म्या व्हय? ह्यांच्याच गावचा." मला वाचवायलाच बोलला तो. आणि मी निमूट पाहुण्याला घेऊन पंगतीकडं गेलो. जेवून बाहेर आलो तर तो निघून गेला होता. माझ्या वहाणेला नवी टाच बसवलेली होती.

निजामाचं राज्य गेलं, उर्दू दफ्तर गेलं, पेशकारसाहेब कुठं गेले कुणास ठाऊक. माझा आतेभाऊही गेला. आता मी भेटेल त्याला न विचारता सांगतो, परंड्यात ज्याच्या मोटेचं नाव होतं तो माझ्या सख्ख्या आत्याचा मुलगा. सांगताना माझीच मला लाज वाटून मान खाली जाते. तो ऐकत असताना मात्र मी हे एकदाही सांगितलं नाही.