गोड्या पाण्याचा ड्रम

धाकटा भाऊ वसंता होडीचं इंजिन गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून, ते चालू ठेवून बसला होता. इंजिनाच्या मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडत होती आणि तिच्याखाली त्याने हात धरला होता. पाणी जोरात येतंय, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याच्या वाटेत चिखल अडकलेला नाही. तरी तो उठत नव्हता.

गेल्या वर्षी मी माहेरी आले होते, तेव्हा एकदा तो ओहोटीला उथळ, गढूळ पाण्यातून होडी घेऊन परतला. इंजिन धुवायला बसणार, तोच मी म्हटलं, "जेवण निवतंय रे, उद्या धू." पहाटे आईच्या छातीत कळ आली. पलीकडच्या दवाखान्याला निघालो, तर अर्ध्या खाडीत इंजिन तापून बंद पडलं. वसंताने जीव खाऊन वल्ही मारली. माझ्या हातात आईचा हात गार होत गेला.

आता तो रोज असा बसतो. गेलेल्या माणसासाठी करायचं राहून गेलेलं असं कुठेतरी करत राहावं लागत असेल.

आज मी त्याच्या शेजारी बसले आणि वर्षभर गिळलेलं बोलून टाकलं. "तुला जेवायला मीच उठवलं होतं."

धारेवरची नजर त्याने हलवली नाही. म्हणाला, "तू हाक मारलीस, ताई. उठलो तर मीच ना."