आप्पांचं खुरपं आणि मॉलीचा रॉड

आमच्या कंग्राळीच्या घरात वाकलेलं काहीही सरळ होतं. खुरपं असो, पहार असो, आप्पा ते दारातल्या दगडावर ठेवतात आणि हातोड्याचे चार घाव घालतात. सगळं साधं कार्बन स्टीलचं, मार खाऊन वळणावर येणारं. बापाचं बघून माझाही हात तसाच तयार झाला, आणि डोकंही. दोन्ही जरा लवकर चालतात.

डिप्लोमा करून मी बेळगावातल्या एका कारखान्यात लागले. तिथं व्हॅक्यूम फर्नेसमध्ये, म्हणजे आतली हवा काढून घेतलेल्या भट्टीत, यंत्रांचे सुटे भाग तापवून कडक करतात. ती चालवणारे अण्णा शहापूरचे. महिनाअखेरीला निवृत्त होणार होते. त्यांच्यानंतर भट्टी मला हवी होती. मनापासून हवी होती, हे लिहायला मला लाज वाटत नाही. साहेब मात्र काही बोलत नव्हते.

एका सकाळी गार झालेली भट्टी उघडली, तर ट्रे पेलणारे दोन रॉड वाकलेले. आदल्या पाळीत माल जास्त चढवला होता. रॉड मॉलिब्डेनमचे, आम्ही नुसतं मॉली म्हणतो. हातात घेतला की त्याच मापाच्या स्टीलपेक्षा चांगलाच जड लागतो. ज्या आचेवर स्टील मऊ पडून मान टाकतं, तिथं हा ताठ उभा असतो. एवढ्या आगीला न डरणारा गडी दोन घावांना काय डरणार, असं म्हणत मी हातोडा घेतला. पहिल्याच घावाला कप फुटावा तसे त्याचे दोन तुकडे झाले.

अण्णा चहाला गेले होते. मी तुकडे ॲप्रनच्या खिशात घातले. कपाटात नवा रॉड एकच शिल्लक होता. आधीच मोडलेला होता असं सांगितलं असतं तर कुणी विचारलंही नसतं. पण चालताना खिसा मांडीवर आपटत राहिला. मला माझाच राग आला. शेवटी गेले आणि तुकडे त्यांच्या बशीशेजारी ठेवले.

"अण्णा, मी मोडला. हातोड्यानं. आमचे आप्पा खुरपं ठोकतात तसा."

त्यांनी आधी चहा संपवला.

"पोरी, ह्ये तुझ्या आप्पाचं खुरपं न्हवं. भट्टीत तापून तापून मॉली गारपणी काचंवानी व्हतोय. आधी वाईच तापवायचा, मग वाकवायचा. लई तापवलास तर उघड्या हवेत जळतोय."

नवा रॉड त्यांनी बसवला आणि दुसरा वाकलेला माझ्या हातात दिला. तो मोडला असता तर भट्टी बंदच राहणार होती. अण्णा हात मागे बांधून उभे राहिले. मी गॅसची ज्योत लांबूनच फिरवली, रॉडचा रंग बदलायच्या आत बाजूला घेतली. मग तो व्हाइसच्या लोखंडी जबड्यात धरून हळूहळू दाबत गेले. इतक्या सावकाश मी आयुष्यात काही केलं नव्हतं. रॉड सरळ झाला. ट्रे बसला आणि दुपारी माल आत गेला.

संध्याकाळी साहेब आले. एक तारखेपासून भट्टीवर कोण, असं त्यांनी अण्णांना कन्नडमध्ये विचारलं. अण्णांनी मुद्दाम मराठीत उत्तर दिलं.

"हीच. मोडल्यालं लपवत न्हाय ही."

माझ्या हातात काजळी लागलेले हातमोजे होते. डोळे पुसायचीसुद्धा सोय नव्हती.