हुंदकाताई आणि कोरियन आई

रडायचं कसं हे शिकवणारी शाळा कुणी काढलीच, तर मुख्याध्यापिका म्हणून हुंदकाताईंनाच बोलवावं लागेल. हे नाव त्यांना डबिंग स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टने ठेवलं होतं. परदेशी मालिका आणि सिनेमे आपल्या भाषेत बोलते करायचं काम त्या स्टुडिओत चाले. नायिकेला आवाज देणाऱ्या एक मोठ्या बाई होत्या. त्या आपला गळा तळहातावरच्या फोडासारखा जपत. संवाद त्या म्हणत, पण किंकाळी, हुंदका, हंबरडा आला की कानावरचे हेडफोन काढून ठेवत आणि म्हणत, "हे तेवढं ताईंकडून करून घ्या." मग ताई आत जात, पडद्यावरच्या बाईकडे एकदा नीट बघत आणि असा काही हुंदका देत की काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट चष्मा पुसू लागे.

अशी कितीतरी वर्षं गेली. बाजारातली गर्दी म्हणजे ताई, दवाखान्यातली नर्स म्हणजे ताई, फोनवर 'हा क्रमांक सध्या बंद आहे' म्हणणारी बाई म्हणजेही ताईच. एका सिनेमात तर त्यांनी चिडलेल्या कोंबडीचं काम केलं होतं आणि ते मनापासून केलं होतं. वाहवा मात्र मोठ्या बाईंची व्हायची. त्यांचं रडणं काळजाला भिडतं म्हणून लोक त्यांना फोन करायचे आणि बाई ते कौतुक बिनदिक्कत खिशात घालायच्या. ताईंना याचं वाईट वाटायचं का? वाटायचं. चांगलंच वाईट वाटायचं. एक तरी अख्खी भूमिका मिळावी, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत आपली, आणि शेवटी वर सरकत जाणाऱ्या नावांत आपलंही नाव असावं, एवढीच त्यांची इच्छा होती. ती त्यांनी नवऱ्याशिवाय कुणालाही बोलून दाखवली नव्हती.

कोरियन मालिकांचं वेड त्यांना लागलं ते घरी. दिवसभर कामासाठी रडून आलेली बाई संध्याकाळी हौसेने रडायला बसते, हे बघून त्यांची मुलगी कपाळाला हात लावायची. नायकाने नायिकेच्या डोक्यावर छत्री धरली आणि त्याचा स्वतःचा खांदा भिजू लागला की ताईंच्या डोळ्यांतून धारा. आजोबांनी नातीच्या बुटाची नाडी बांधली की धारा. एकदा तर नुसती सुरुवातीची गाण्याची धून वाजली आणि यांनी रुमाल काढला.

"आई, अजून काही झालंच नाहीये!" मुलगी ओरडायची.

"होणार आहे ना पण," ताई नाक पुसत म्हणायच्या.

लिफ्ट दुरुस्तीचं काम करणारे त्यांचे यजमान शेजारी पेपर उघडून बसत. मालिका आपण बघतच नाही, असा त्यांचा दावा होता. मात्र करुण प्रसंगाला नेमकं त्यांच्याच डोळ्यांत काहीतरी जाई.

मुलगी या सगळ्यात कोरडी ठणठणीत. ती मूळ भाषेतल्या आवाजातच बघायची, खालची अक्षरं वाचत. "डब केलेलं बघणं म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेलं खाणं," असं तिचं मत होतं आणि ते ती आईसमोर बेधडक मांडायची. मैत्रिणींना आईचं काम सांगायची वेळ आली, तर 'रेकॉर्डिंगचं काहीतरी करते' म्हणून विषय बदलायची. ताईंना ते माहीत होतं.

अशात स्टुडिओत एक मोठी कोरियन मालिका आली. तिच्यात बंदरावर छोटी खाणावळ चालवणारी एक आई होती. ही आई फारशी बोलत नसे, पण प्रत्येक भागात असे. तिच्यासाठी बऱ्याच जणींचे आवाज तपासून झाले आणि डबिंगच्या दिग्दर्शिका, ज्यांना सगळे मॅडम म्हणत, त्यांनी सांगितलं, "ही आई हुंदकाताई करतील." ताईंना वाटलं चेष्टा आहे. मग कळलं की खरं आहे, तेव्हा त्या पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेल्या आणि तिथे भिंतीकडे तोंड करून मनसोक्त हसल्या.

पहिले भाग झकास झाले. ताईंनी त्या आईला असा आवाज दिला की खाणावळीतल्या वाफेचा वास यावा. आणि मग तो प्रसंग आला.

भांडून घर सोडून गेलेला मुलगा कितीतरी वर्षांनी परत येतो. दारात उभा राहतो. आई चुलीवरचं भांडं ढवळत असते. ती मान वळवते, त्याला बघते, परत भांड्याकडे वळते आणि विचारते, "जेवलास का?" तो म्हणतो, "नाही." ती म्हणते, "बस." संपला प्रसंग.

इतके मोजके शब्द. कोंबडीलासुद्धा यापेक्षा जास्त संवाद होते. पण ताई "जेव" म्हणायच्या आणि पुढचे शब्द घशात विरघळायचे. एकदा आवाज कापला. एकदा नाक वाजलं. एकदा सगळं नीट झालं आणि "बस" म्हणताना हंबरडाच फुटला. बंद खोलीत पंखा नाही, कारण माइकला त्याची घरघर ऐकू येते. ताई घामाने आणि आसवांनी सारख्याच ओल्या झाल्या.

मॅडमनी काचेपलीकडचं बटण दाबलं. त्यांचा आवाज ताईंच्या कानात आला, "ताई, ती रडत नाहीये. तिच्यासाठी तुम्ही रडताय."

"हो, कळतंय मला."

"बघणाऱ्यांना रडायचंय हो. त्यांच्यासाठी काही ठेवा."

ताईंनी मान डोलवली आणि परत रडल्या. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी मॅडम आत आल्या आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. त्या वाईट नव्हत्या, म्हणूनच त्यांना बोलणं जड गेलं. "उद्या सकाळी आणखी एकदा बघू. नाही जमलं तर मोठ्या बाईंना बोलवावं लागेल. आणि मग हा एकच प्रसंग नाही, अख्खी आईच त्यांच्याकडे जाईल. एक आई दोन आवाजांत कशी बोलणार?"

ताई घरी आल्या त्या चपलाही न काढता खुर्चीत बसल्या. यजमानांनी पेपर खाली ठेवला, म्हणजे प्रकरण गंभीर. ताईंनी सगळं सांगितलं. मुलगा दारात कसा उभा राहतो, आई कशी वळते, काय विचारते, आणि त्यांना काय जमत नाही.

मुलगी कोचावर पाय पसरून मोबाइल बघत होती. तिने मान वर केली.

"तुला जमत नाही? कमाल आहे. माझ्या वेळी तर पहिल्याच टेकमध्ये जमलं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय? नोकरीवरून काढलं त्या दिवशी मी अशीच दारात उभी होते. तू वळून बघितलंस, परत गॅसकडे वळलीस आणि विचारलंस, जेवलीस का. संपलं! त्या छत्रीवाल्यासाठी बादलीभर रडतेस. माझ्यासाठी एक टिपूस नाही. मला गरम जेवण."

"अगं, असं काय बोलतेस आईला..." यजमान म्हणाले.

"बोलू दे तिला," ताई म्हणाल्या.

मुलगी उठून आत गेली. ताई तशाच बसून राहिल्या. त्यांना तो दिवस लख्ख आठवत होता. मुलीचा चेहरा त्यांनी एकदाच बघितला होता. लहानपणी सायकलवरून पडली की ती जसे ओठ घट्ट मिटून घ्यायची, तसेच मिटलेले होते. पुन्हा एकदा बघितलं असतं तर दोघीही कोसळल्या असत्या, आणि घरात कुणीतरी उभं राहायला हवं होतं. म्हणून त्यांनी भांड्यात बघितलं आणि ढवळायची काही गरज नसलेली भाजी ढवळत राहिल्या. इतकी साधी गोष्ट. पण जगातल्या समस्त बायकांचे आवाज काढून झालेल्या या बाईचं पोटच्या पोरीपुढे तोंड उघडेना.

रात्री स्वयंपाकघरात उभं राहून त्या ते सगळं पुन्हा मनात घोळवत होत्या, तेव्हा त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. डबिंग करणारी माणसं ज्याचा आवाज द्यायचा त्याच्या ओठांकडे बघतात. नवशिक्यालाही पहिल्या दिवशी हेच सांगतात. आणि इतक्या वर्षांच्या अनुभवी हुंदकाताई आईच्या ओठांकडे बघतच नव्हत्या. त्या बघत होत्या दारातल्या पोराच्या चेहऱ्याकडे. घरच्या खुर्चीत बसून बघतात तशा, हातात रुमाल घेऊन. स्टुडिओत त्या कामाला गेल्या होत्या आणि प्रेक्षक होऊन बसल्या होत्या.

सकाळी स्टुडिओत गेल्या गेल्या त्यांनी एका रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि चिकटपट्टीने पडद्याच्या डाव्या बाजूला लावून टाकला. मुलगा जिथे उभा राहतो, नेमकं तिथे.

रेकॉर्डिस्ट काचेपलीकडून ओरडला, "ताई, हे काय? स्क्रीन फुटली की काय?"

"पोराला झाकलंय. तो दिसला की माझं काम संपलंच म्हणून समज."

"आणि आईने मान वळवली की?"

"तिला दिसेल तो. तिचं ती बघून घेईल. मला फक्त भांडं दिसू दे."

मॅडम काहीतरी बोलणार होत्या, पण त्यांनी खुणेनेच 'चालू करा' म्हटलं. पडद्यावर आई ढवळत होती. तिने मान वळवली. पुठ्ठ्यामागे कोण आहे हे ताईंना माहीत होतं, आणि तो बंदरावरचा परका मुलगा नव्हता. आई परत भांड्याकडे वळली. ताईंनीही भांड्यात बघितलं.

"जेवलास का?"

आवाज सपाट होता. रोजच्यासारखा, जरासा त्रासिकसुद्धा. शेवटच्या अक्षरावर फक्त एक बारीकसा धक्का होता, पायरी चुकता चुकता सावरावी तसा.

"बस."

रेकॉर्डिस्टने विचारलं, "मॅडम, पुढचं लावू?" मॅडमनी पाठ फिरवली होती. "थांब रे जरा," त्या म्हणाल्या, आणि बऱ्याच वेळाने, "हाच ठेव."

ताईंनी पुठ्ठा काढला, त्याची नीट घडी केली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली. त्या दिवशी त्यांना स्वतःचा अभिमान वाटला. लाजत, आडपडद्याने नव्हे. चांगला ताठ मानेने वाटला. घरी जाताना त्या रस्त्याच्या मधोमध चालल्या आणि एका सायकलवाल्याच्या शिव्या खाल्ल्या.

तो भाग टीव्हीवर लागला त्या संध्याकाळी तिघंही समोर बसली. रिमोट मुलीच्या हातात होता. तिने कपाळाला आठ्या घालत भाषा बदलून आपली लावली. "बघू तरी," एवढंच म्हणाली.

मुलगा दारात आला. या खेपेला पुठ्ठा नव्हता, तरी ताईंनी पडद्याकडे बघितलंच नाही. त्या मुलीकडे बघत होत्या. आईने मान वळवली, परत भांड्याकडे वळली आणि ताईंच्या आवाजात विचारलं. यजमानांच्या डोळ्यांत लगेच काहीतरी गेलं. मुलीने हातातला रिमोट हळूच खाली ठेवला. तो आवाज तिने ऐकलेला होता.

प्रसंग पुढे सरकला, भाग संपला, नावं वर जाऊ लागली. ताईंचं नाव आलं आणि गेलं. त्या घरात ते फक्त यजमानांनी वाचलं.

"आई," मुलगी म्हणाली, "त्या दिवशी तू गॅसकडे का बघत होतीस?"

ताईंना सांगण्यासारखं पुष्कळ होतं. पण जे आलं ते एवढंच. "तुझ्याकडे बघवेना म्हणून."

आणि मग ती कोरडी ठणठणीत पोरगी रडली. आधी ओठ मिटून, मग तोंड उघडून, मग आईच्या मांडीवर डोकं ठेवून. ताई तिच्या केसांतून हात फिरवत होत्या आणि त्यांचा धंदेवाईक कान मनातल्या मनात म्हणत होता, हुंदका अस्सल आहे, घराण्याचं नाव राखलं पोरीने.

दुसऱ्या दिवशी दोघी जिना उतरत होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारातच उभ्या होत्या, डोळे सुजलेले.

"काल बघितलंत का हो? मी मेली किती रडले! शेवटी ह्यांनी टीव्ही बंद करायची धमकी दिली." मग त्या मुलीकडे वळल्या. "काय गं, तुझ्या आईचाही आवाज आहे म्हणे त्यात? ती सारखी रडत असते, ती मोठी बहीण, तीच ना?"

ताई सवयीने हसून पुढे निघाल्या. मुलगी मात्र पायरीवरच थांबली आणि सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "नाही काकू. जी रडत नाही ना, ती माझी आई."